आधी बोधचिन्ह, मग कायदा : ‘आधार’ प्रकल्पाच्या दृश्य ओळखीचा इतिहास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील शासकीय प्रकल्पांचा इतिहास सामान्यतः कायदे, समित्यांचे अहवाल, अर्थसंकल्पातील तरतुदी आणि न्यायनिर्णय यांवरून लिहिला जातो. प्रकल्पाला दिलेले नाव, त्याचे बोधचिन्ह, छापील पत्राचा नमुना, संकेतस्थळ या गोष्टी त्यामानाने बाह्य, प्रसंगी केवळ शोभेच्या मानल्या जातात. ‘आधार’च्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा लावून पाहणे आवश्यक ठरते. या प्रकल्पाला नाव व बोधचिन्ह मिळाले ते एप्रिल २०१० मध्ये. कायदा मिळाला तो मार्च २०१६ मध्ये. एप्रिल २०१६ च्या पहिल्याच आठवड्यात शंभर कोटी क्रमांक देऊन झाल्याचे शासनाने जाहीर केले. याचा सरळ अर्थ असा की, देशातील बहुसंख्य लोकांची बोटे, डोळे व छायाचित्रे संसदेच्या कायद्यावाचून, केवळ एका कार्यकारी अधिसूचनेच्या बळावर नोंदली गेली. कायदा नसल्याच्या या सहा वर्षांत लोकांसमोर ठेवण्यात आले ते एक नाव, एक सूर्य आणि टपालाने येणारे एक पत्र. लोकांची संमती मिळवण्याचे जे काम एरवी संसदीय चर्चेने व्हावयाचे, ते येथे बऱ्याच अंशी दृश्य ओळखीने केले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका : एका प्रकल्पाची दोन कुळे

‘आधार’ची मुळे दोन वेगवेगळ्या प्रवाहांत सापडतात. पहिला प्रवाह सुरक्षेचा. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या आढावा समितीने व त्यापाठोपाठ २००१ च्या मंत्रिगटाने सीमाभागातील व पुढे देशातील नागरिकांना ओळखपत्रे देण्याचा विचार मांडला. नागरिकत्व कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती होऊन प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करण्याचा व त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देण्याचा अधिकार केंद्र शासनाने स्वतःकडे घेतला. बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राचे प्रायोगिक काम काही निवडक जिल्ह्यांत झालेही. दुसरा प्रवाह कल्याणकारी योजनांचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना विशिष्ट क्रमांक देण्याच्या योजनेला माहिती तंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये मान्यता दिली होती. बनावट शिधापत्रिका, दुबार लाभार्थी आणि मधल्या मध्ये होणारी गळती ही तिची कारणे होत.

हे दोन्ही प्रवाह २८ जानेवारी २००९ च्या अधिसूचनेने एकत्र आले व भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण नियोजन आयोगाच्या छत्राखाली स्थापन झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नंदन निलेकणी यांनी अध्यक्षपदाची सूत्रे घेतली. प्राधिकरण गृह मंत्रालयाखाली न जाता नियोजन आयोगाकडे गेले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ओळख विचारणारे शासन आणि मदत देणारे शासन या दोन चेहऱ्यांपैकी कोणता चेहरा लोकांना दाखवावयाचा, याचा निर्णय त्यातून आधीच सूचित झाला होता.

ही निवड किती नाजूक होती हे समकालीन ब्रिटनकडे पाहिल्यास ध्यानात येते. तेथे २००६ मध्ये ओळखपत्रांचा कायदा रीतसर संमत झाला होता. तरीही नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर त्याला विरोध वाढत गेला आणि २०१० मध्ये नव्या आघाडी शासनाने तो रद्द केला. २०११ च्या आरंभी तेथील नोंदवही नष्टही करण्यात आली. ज्या वर्षी ब्रिटनने आपले ओळखपत्र मोडीत काढले, त्याच वर्षी भारतात ‘आधार’चे बोधचिन्ह प्रकाशित झाले.

नावाची निवड

आरंभीच्या काळात प्रकल्प ‘यूआयडी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जात असे. ही आद्याक्षरे कचेरीत चालणारी होती. पाड्यावरच्या वृद्धेला ती काहीच सांगत नव्हती. प्राधिकरणाने जाहिरात व संज्ञापन क्षेत्रातील जाणकारांची एक सल्लागार परिषद किरण खळप यांच्या अध्यक्षतेखाली नेमली. तिच्या २०१० मधील अहवालाचे शीर्षकच ‘शंभर कोटींशी संवाद’ अशा आशयाचे होते. अनेक भारतीय भाषांत सहज उच्चारता येईल व समजेल असा शब्द म्हणून ‘आधार’ स्वीकारला गेला.

शब्द खरोखरच चतुराईने निवडलेला आहे. मराठीत आधार म्हणजे टेकू, काठी, पाठीशी उभे राहणारे माणूस. आणि आधार म्हणजे पुरावा, दाखलाही. भिंतीला आधार असतो तसा विधानालाही असतो. मदत व प्रमाण हे दोन्ही अर्थ एका शब्दात मावतात आणि प्रकल्पाची दोन कुळेही त्यात विनासायास सामावली जातात. अर्थात सर्वच भाषांत हा शब्द इतका निर्मळ नाही. मल्याळममध्ये ‘आधारम्’ म्हणजे मालमत्तेचा दस्तऐवज. बंगालीत ‘आधार’ म्हणजे पात्र वा साठवण, आणि त्यावर एक चंद्रबिंदू चढताच होतो तो ‘आँधार’, म्हणजे काळोख. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर शासनाच्या परिभाषेत ‘निराधार’ हा शब्द आधीपासून रूढ होता. संजय गांधी निराधार अनुदान योजनेमुळे तो गावोगाव पोहोचला होता. नोंदणी न झालेला माणूस आता दुसऱ्या अर्थानेही निराधार ठरू शकत होता, याची कल्पना नामकरणाच्या वेळी कोणी केली असेल असे वाटत नाही.

बोधचिन्ह : अंगठ्याचा ठसा ते उगवता सूर्य

बोधचिन्हासाठी देशव्यापी स्पर्धा घेण्यात आली. दोन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या व अतुल सुधाकरराव पांडे यांची रचना निवडली गेली. लाल-पिवळ्या किरणांचा सूर्य आणि त्याच्या मध्यभागी बोटाच्या ठशाच्या रेषा, असे तिचे स्वरूप आहे. प्रत्येक व्यक्तीसाठी समान संधीची नवी पहाट, असा तिचा अर्थ प्राधिकरणाने सांगितला.

या चिन्हाचे ऐतिहासिक वजन समजण्यासाठी बोटांच्या ठशाचा भारतातील पूर्वेतिहास लक्षात घ्यावा लागतो. ठसे घेण्याची आधुनिक शासकीय पद्धत वसाहतकालीन बंगालमध्येच आकाराला आली. विल्यम हर्शेल याने १८५८ मध्ये एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग स्थापन झाला. तेव्हापासून ठसा हा गुन्हेगाराच्या नोंदीशी आणि निरक्षराच्या सहीशी जोडला गेला. मराठीत ‘अंगठाछाप’ हा शब्द आजही अवहेलनेचाच आहे. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर सक्तीची नोंदणी व बोटांचे ठसे लादणाऱ्या वटहुकमाविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथे झालेल्या सभेतूनच सत्याग्रहाचा उगम झाला. ज्या देशाच्या राष्ट्रीय चळवळीच्या स्मृतीत ठशाला नकार देण्याचा प्रसंग इतका मानाचा आहे, त्या देशात ठसा हेच चिन्ह घेऊन शंभर कोटी लोकांपुढे जाणे हे धाडस होते. ठशाला सूर्याचे रूप देऊन, राखाडी शाईच्या जागी लाल-पिवळा रंग आणून या रचनेने तो अपमानाचा इतिहास जणू पुसून टाकला. केवळ रचना म्हणून पाहता तिचे यश नाकारता येणार नाही.

परंतु चिन्हातील ठशाच्या रेषा स्पष्ट व अखंड आहेत. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, विडीकाम यांत आयुष्य गेलेल्या हातांवर त्या तशा राहत नाहीत. ठसा जुळला नाही म्हणून रास्त भाव दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणारी माणसे ही पुढील काळातील वादाचा केंद्रबिंदू ठरली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्राधिकरणानेच सादर केलेल्या माहितीनुसार शासकीय सेवांसाठीच्या पडताळणीत यशाचे प्रमाण सुमारे ८८ टक्के होते. उरलेल्यांसाठी पर्यायी व्यवस्था असल्याचे शासनाचे म्हणणे होते. ती दुकानाच्या दारात कितपत पोहोचली, हाच खरा प्रश्न होता.

टेंभली, २९ सप्टेंबर २०१०

पहिल्या क्रमांकाच्या वितरणासाठी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावाची निवड झाली. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत गावातील काही रहिवाशांना क्रमांक देण्यात आले; पहिला क्रमांक एका महिलेला मिळाला. राजधानीतील सभागृहाऐवजी सातपुड्याच्या पायथ्याचे गाव निवडण्यामागे प्रकल्पाचा चेहरा कोणाचा असावा याविषयीचा निश्चित विचार दिसतो. त्या दिवशीच्या छायाचित्रांनी जे सांगितले ते कोणत्याही परिपत्रकाला सांगता आले नसते. येथे शासन ओळख मागायला आलेले नाही, द्यायला आले आहे, हे ते चित्र होते. संसदेत या विषयाचे विधेयक त्यानंतर दोन महिन्यांनी, ३ डिसेंबर २०१० रोजी राज्यसभेत मांडले गेले. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये ते त्या स्वरूपात अमान्य केले. नोंदणी मात्र थांबली नाही.

क्रमांक, पत्र की कार्ड ?

प्राधिकरणाची मूळ कल्पना क्रमांक देण्याची होती, कार्ड देण्याची नव्हती. हा क्रमांकही विचारपूर्वक रचलेला आहे. त्याचे १२ अंक चार-चारच्या गटांत छापले जातात. शेवटचा अंक लिहिताना वा सांगताना झालेली चूक पकडण्यासाठी असतो. आणि उरलेल्या अंकांत राज्य, जिल्हा, जात, धर्म, जन्मवर्ष यांपैकी कशाचाही संकेत नाही. नोंदणी अर्जातही जात व धर्म विचारला गेला नाही. लिंगाच्या रकान्यात स्त्री व पुरुष यांखेरीज तृतीयपंथी हा पर्याय होता. महाराष्ट्रातील वाचकाला यातील वेगळेपण चटकन उमगेल. १९९९ पासून राज्यात शिधापत्रिकांचे पिवळी, केशरी व शुभ्र असे तीन रंग होते आणि पत्रिका पिशवीतून बाहेर काढताच कुटुंबाची आर्थिक पायरी चारचौघांत कळत असे. ‘आधार’ने हा भेद कागदावरून काढून टाकला. (पुढे पाच वर्षांखालील बालकांसाठी निळा रंग आला, तो वयाचा.) या प्रकल्पावर टीका करताना ही समतेची बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते.

क्रमांक कळवण्यासाठी टपालाने एक लांबट पत्र पाठवले जाई. त्याच्या खालच्या भागात कापून जवळ ठेवण्याजोगा एक तुकडा असे. या तुकड्यावर छायाचित्र होते, केशरी व हिरवी पट्टी होती, राजमुद्रा होती, ‘भारत सरकार’ ही अक्षरे होती. पत्रावर सूर्यही होता. पण हातात धरल्यावर नजर जाई ती सिंहांकडे. भारतीय माणसाला कागद वाचता आला नाही तरी राजमुद्रा वाचता येते. प्राधिकरण कितीही सांगत असले की हे कार्ड नव्हे, क्रमांक महत्त्वाचा, तरी लोकांनी त्या तुकड्याला पहिल्या दिवसापासून ‘आधार कार्ड’ म्हटले. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानांत तो कापून, प्लास्टिकमध्ये बंद करून देण्याचा धंदा उभा राहिला. काहींनी तो ‘स्मार्ट कार्ड’ म्हणून छापून दिला. अशा प्लास्टिक कार्डांची आवश्यकता नाही, त्यावरचा संकेत यंत्राला वाचता येईलच असे नाही, असा इशारा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, प्राधिकरणाने स्वतःच ५० रुपये शुल्क घेऊन पीव्हीसी कार्ड देण्यास सुरुवात केली. वापरणाऱ्यांनी रचनाकारांवर मात केल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शासकीय मुद्रणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या शब्दबदलाला राजकीय अर्थही आहे. क्रमांक ही पडताळणीची सोय असते. कार्ड ही दाखवण्याची वस्तू असते, आणि जे दाखवता येते ते मागताही येते. शाळा, बँक, रुग्णालय, भाड्याचे घर, सिमकार्ड अशा ठिकाणी हे कार्ड मागितले जाऊ लागले ते कायद्याने सांगितले म्हणून नव्हे, तर ते राजमुद्रेसह खिशात होते म्हणून.

संकेतस्थळ : मोजदाद आणि गळती

प्राधिकरणाचे संकेतस्थळ उभे राहिले तेव्हा शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केलेली २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे नुकतीच आली होती. स्थळाची मालकी स्पष्ट दिसावी, ते अपंग व्यक्तींनाही वापरता यावे, भारतीय भाषांत असावे, असा त्यांचा रोख होता. प्राधिकरणाच्या स्थळाने यात भर घातली ती मोजदादीची. किती क्रमांक तयार झाले, कोणत्या राज्यात किती नोंदणी झाली, याचे वाढते आकडे तेथे पाहता येत. विधेयक समितीत अडकले असताना हे आकडेच प्रकल्पाची बाजू मांडत होते. इतके लोक आले आहेत, आता मागे जाता येणार नाही, हे त्यांचे न उच्चारलेले विधान होते. नोंदणी झालेल्यांना ‘ई-आधार’ स्थळावरून उतरवून घेण्याची सोय मिळाली व तिला छापील पत्राइतकीच मान्यता दिली गेली. मदत क्रमांक म्हणून १९४७ हा आकडा योजण्यात आला. लक्षात राहण्यास सोपा आणि स्वातंत्र्याची आठवण देणारा असा तो आकडा होता.

मात्र प्राधिकरणाला स्वतःच्या स्थळावर जे नियंत्रण ठेवता आले, ते इतरांच्या स्थळांवर ठेवता आले नाही. केंद्र व राज्यांच्या सुमारे २१० शासकीय संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते व आधार क्रमांक उघडपणे प्रसिद्ध झाल्याचे २०१७ मध्ये समोर आले. यातील बरीच माहिती लाभार्थी-याद्या पारदर्शकतेसाठी जाहीर कराव्यात या सद्हेतूने टाकलेली होती. फलकावर यादी लावण्याची जुनी सवय संगणकावर जशीच्या तशी गेली, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, सेवा देण्याच्या नावाखाली लोकांकडून माहिती व पैसे गोळा करणारी १२ संकेतस्थळे व तितकीच मोबाइल अ‍ॅप प्राधिकरणाने बंद करवली. ओळख पटवण्याच्या प्रकल्पाची स्वतःचीच ओळख नक्कल करण्यास इतकी सोपी निघाली! यानंतर जानेवारी २०१८ मध्ये मूळ क्रमांक न सांगता वापरावयाच्या तात्पुरत्या आभासी क्रमांकाची घोषणा झाली. अंक झाकलेल्या ‘ई-आधार’चा पर्यायही आला. क्रमांक लपवणे हा आता रचनेचा भाग झाला होता.

घोषवाक्यातील स्थित्यंतर

सुरुवातीच्या मराठी पत्रांवर ‘आधार – सामान्य माणसाचा अधिकार’ असे घोषवाक्य असे. हिंदीत ‘आम आदमी का अधिकार’. ‘आम आदमी’ हा शब्दप्रयोग काँग्रेसने २००४ च्या लोकसभा निवडणुकीत प्रचारात वापरलेला होता, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तर त्याच नावाचा पक्ष स्थापन झाला. निलेकणी यांनी मार्च २०१४ मध्ये पद सोडून काँग्रेसतर्फे दक्षिण बंगळुरूतून निवडणूक लढवली. या पार्श्वभूमीवर सत्तांतरानंतर प्रकल्प टिकेल की नाही अशी शंका होती. प्रत्यक्षात विरोधात असताना टीका करणाऱ्या पक्षाने सत्तेवर येताच प्रकल्प अधिक वेगाने पुढे नेला. नाव तेच राहिले, सूर्य तोच राहिला. बदलले ते घोषवाक्य. त्याची जागा ‘माझे आधार, माझी ओळख’ या ओळीने घेतली. ‘अधिकार’ हा शब्द शासनाकडे मागणी करण्याची भाषा बोलतो. ‘ओळख’ हा शब्द शासनापुढे सादर होण्याची. बदलामागचे हेतू काहीही असोत, प्रकल्पाचे केंद्र सरकल्याचे त्यातून दिसते.

न्यायालयापुढील ओळख

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१३ च्या अंतरिम आदेशात, आधार नाही म्हणून कोणाचेही नुकसान होऊ नये असे सांगितले. ११ ऑगस्ट २०१५ चा आदेश या निबंधाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. आधार घेणे बंधनकारक नाही, या गोष्टीला वृत्तपत्रे, आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून व्यापक प्रसिद्धी द्यावी, असे न्यायालयाने केंद्र शासनास बजावले. म्हणजे प्रकल्पाच्या प्रसिद्धीने निर्माण केलेला समज प्रसिद्धीनेच दूर करावा, अशी ही अपेक्षा होती. विशेष असे की, न्यायालयाच्या आदेशातही शब्द होता तो ‘आधार कार्ड’.

मार्च २०१६ मध्ये धन विधेयक म्हणून कायदा संमत झाला, त्यामुळे राज्यसभेच्या दुरुस्त्या बंधनकारक राहिल्या नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या बहुमताच्या निकालाने कायदा वैध ठरवला. मात्र बँक खाते व मोबाइल जोडणीची सक्ती रद्द केली आणि खाजगी कंपन्यांना करारान्वये आधार वापरण्याची मोकळीक काढून घेतली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या भिन्नमताने तर धन विधेयकाचा मार्गच घटनाविरोधी ठरवला. निकालानंतर शाळा, बँका व मोबाइलची दुकाने यांनी कार्ड मागणे एकाएकी थांबवले नाही. सवय लागून आठ वर्षे झाली होती.

पत्रावर आरंभापासून एक बारीक अक्षरांतील सूचना छापलेली असे : आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. २०१६ च्या कायद्याच्या नवव्या कलमाने तीच गोष्ट वैधानिक केली आणि पुढे पत्रावरील सूचनेत जन्मतारखेचाही उल्लेख वाढला. सूर्य, पट्ट्या व सिंह यांच्या गर्दीत ही ओळ फारशी कोणी वाचली नाही. बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या वादात ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला आधार हे बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारण्यास सांगितले, तेव्हा ते ओळखीपुरतेच ग्राह्य धरावे, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे, हेही न्यायालयाला पुन्हा स्पष्ट करावे लागले.